जप्तीतली गाडी लिलावात घेताना: आधी कागद, मग पत्रा, इंजिन शेवटी

पोलीस ठाण्याच्या मागे, उत्पादन शुल्क खात्याच्या आवारात, आरटीओच्या कुंपणालगत पालापाचोळ्यात रुतून बसलेल्या गाड्या कोकणात सगळ्यांनीच पाहिलेल्या असतात. कधीतरी त्यांचा लिलाव निघतो आणि थोडक्या पैशांत चारचाकी दारात येईल या आशेने माणसं बोली लावायला जातात. गाडी मिळतेही. पण नवखा माणूस आवारात शिरला की पहिल्यांदा बॉनेट उघडायला सांगतो आणि इंजिन बघत बसतो. इंजिन कुठल्याही चांगल्या गॅरेजात उतरवून बांधता येतं. खारं वारं आणि चार पावसाळे खाऊन कुजलेला पत्रा मात्र परत मिळत नाही. नावावर न होणारी गाडी तर कितीही छान चालली तरी रस्त्यावर नेता येत नाही. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा आहे: कागद, पत्रा आणि मग बाकीचं.

लिलाव कोणाचा आहे?

जाहिरात हातात आली की किंमत बघण्याआधी लिलाव कोण करतंय ते वाचा. पुढचे सगळे कागद त्यावर ठरतात.

पोलीस ठाण्यातल्या बेवारस गाड्यांसाठी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने उद्घोषणा निघते आणि हक्क सांगायला सहा महिन्यांची मुदत असते. कोणी पुढे आलं नाही तर विक्री होते. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 457 आणि 458 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 आणि 504 मध्ये आहे. इथे दुचाकीच जास्त असतात आणि पुष्कळदा सगळ्या मिळून एकगठ्ठा भंगार म्हणून विकल्या जातात. जाहिरातीत ‘भंगार’, ‘स्क्रॅप’ किंवा ‘फक्त परवानाधारक भंगार व्यावसायिकांसाठी’ असं लिहिलेलं असेल तर विषय तिथेच संपवा. ती गाडी पुन्हा रस्त्यासाठी नोंदवायला मिळणार नाही.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत चारचाकी जास्त दिसतात त्या राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या लिलावात. गोव्याची दारू घेऊन मुंबई-गोवा महामार्गाने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66 ने, किंवा आडवाटेने येणाऱ्या गाड्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आणि इतरत्र पकडल्या जातात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 खाली मुद्देमालासह त्या जप्त होतात. यांत बऱ्यापैकी नवी, धडधाकट गाडी मिळू शकते. पण या गाड्यांना त्यांचे म्हणून काही खास दोष असतात, ते पुढे येतील.

आरटीओचा लिलाव बहुधा कर थकलेल्या गाड्यांचा असतो. त्यात रिक्षा, टेम्पो, बस आणि पिवळ्या पाटीच्या टुरिस्ट गाड्या जास्त. पिवळ्या पाटीची गाडी खासगी करायची तर वेगळा अर्ज आणि कराचा फरक भरावा लागतो, तो खर्च हिशेबात धरा. बँका आणि फायनान्स कंपन्या हप्ते थकलेल्या गाड्या ओढून आणतात आणि विकतात. त्यांचे कागद सहसा जास्त नीट असतात, म्हणून बोलीही चढी जाते. सरकारी खात्यांच्या स्वतःच्या जुन्या जीप आणि मोटारींचा मोह मात्र धरू नका. 15 वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण 1 एप्रिल 2023 पासून बंद आहे, त्या मोडीतच जातात.

आवारात जाण्याआधी घरी बसून करायची कामं

जाहिरातीतला गाडी क्रमांक एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विमा, फिटनेस कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का आणि गाडी काळ्या यादीत टाकली आहे का, एवढं समजतं. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्या, कारण आवारात गेल्यावर हेच पडताळायचं आहे. त्यानंतर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर दंड किती थकलाय ते बघा. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या पोर्टलवर तपासता येते, तिथेही एकदा क्रमांक घालून बघा.

काळ्या यादीची नोंद असली म्हणून लगेच मागे फिरू नका. जप्तीमुळेच ती झालेली असू शकते. मात्र ती नोंद उठवण्याचं पत्र आरटीओला कोण देणार, हे लिलाव करणाऱ्या कार्यालयाला बोली लावण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पैसे भरून झाल्यावर याच एका पत्रासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात.

बोजाचंही तसंच. फायनान्स कंपनी गाडी विकत असेल तर बोजा उतरवण्यासाठी लागणारा आरटीओचा अर्ज, नमुना 35, तिच्याकडूनच मिळतो. नावावर करण्यासाठी एकतर मूळ मालकाच्या सह्यांचे नमुना 29 आणि 30 लागतात, नाहीतर कंपनीने नमुना 36 भरून आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, आधी स्वतःच्या नावावर करून घेतलेली असावी लागते. सरकारी खातं गाडी विकत असेल तर मूळ मालकाच्या सहीची गरज नसते, तिथे नमुना 32 चालतो. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त गल्लत होते ती या दोन वाटांमध्ये. सरकारी लिलावातली गाडी घेऊन मूळ मालकाला शोधत फिरण्याची गरज नाही, आणि फायनान्स कंपनीच्या गाडीला नमुना 32 लागू होत नाही.

वयाचाही विचार करा. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, पुढचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. 15 ते 20 वर्षांच्या चारचाकीसाठी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 रुपयांवर गेलं आहे, त्यावर पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी वेगळी. तेरा-चौदा वर्षांची गाडी लिलावात स्वस्त वाटते ती याचमुळे.

लिलावाच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अनामत किती आणि कोणाच्या नावाने डिमांड ड्राफ्ट काढायचा, बोली मंजूर झाल्यावर किती टक्के त्याच दिवशी भरायचे, उरलेले किती दिवसांत, गाडी किती दिवसांत उचलायची आणि नाही उचलली तर जागाभाडं किती, बोलीवर जीएसटी किती, जुना थकीत कर कोणाच्या माथी, हे सगळं तिथेच असतं. लिलाव ऑनलाइन असेल तर नाव नोंदवायला आणि लागल्यास डिजिटल सही काढायला काही दिवस जातात. शेवटच्या दिवशी ते होत नाही. प्रत्येक सूचनेत ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द असतात. त्यांचा अर्थ सरळ आहे: बोली लागल्यानंतर निघालेला कुठलाही दोष तुमचा.

पाहणीचा दिवस

पाहणीसाठी ठरवून दिलेल्या वेळेतच जा आणि शक्य असेल तर आदल्या रात्री चांगला पाऊस झालेला असेल असा दिवस निवडा. गळकी गाडी त्या सकाळी लपत नाही. सोबत घ्यायचं सामान फारसं नाही: विजेरी, फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर, तारेचा ब्रश, पांढरा खडू, खाली झोपायला गोणपाट, रबरी हातमोजे, काठी आणि ओळखीचा फिटर. काठी आधी गवतात आणि चाकांच्या कमानींत आपटा. उभ्या गाडीत उंदीर येतो, त्याच्या मागे साप. हातमोजे न घालता आत हात घालू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो हा ताप होतो आणि सिंधुदुर्गातल्या लोकांना तो काय असतो ते वेगळं सांगायला नको.

पहिलं काम चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा कायमचा क्रमांक. बऱ्याच मारुती गाड्यांत तो बॉनेटखाली, इंजिनच्या मागच्या उभ्या पत्र्यावर कोरलेला असतो. काही गाड्यांत पुढच्या सीटखाली, गालिच्याचा कापलेला तुकडा उचलला की सापडतो. गंज आणि तांबडी माती चढलेली असली की आकडे दिसत नाहीत. तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवा, त्यावर खडू आडवा धरून घासा आणि वरून बोटाने पुसा. खाचांत खडू राहतो, आकडे पांढरे उठून दिसतात. विजेरी समोरून न धरता बाजूने तिरकी धरा आणि फोटो काढा.

आता तो नंबर एकेक अक्षर करून वाचा. 17 अक्षरांच्या चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. गोल दिसतंय ते शून्यच. सुरुवातीची तीन अक्षरं कारखाना सांगतात: एमए3 म्हणजे मारुती, एमएएल म्हणजे ह्युंदाई, एमएटी म्हणजे टाटा, एमए1 म्हणजे महिंद्रा. बहुतेक गाड्यांत दहावं अक्षर वर्षाचं असतं, म्हणजे ई 2014 चं, एफ 2015 चं, जी 2016 चं, एच 2017 चं, आणि आय वगळून पुढे जे 2018 चं. हे अक्षर आरसीवरच्या वर्षाशी जुळतंय का बघा. ॲपवर चेसिसचे जेवढे आकडे दिसतात तेवढे समोरच्या आकड्यांशी पडताळा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा वाकडा असेल, आजूबाजूचा पत्रा घासलेला असेल किंवा नंबराचा तुकडा चौकोनी वेल्डिंगने बसवल्यासारखा दिसत असेल तर ती गाडी सोडा.

नंबरपाटी खोटी असणं हा मात्र वेगळा प्रकार आहे. दारूच्या गाड्यांना खोट्या पाट्या लावलेल्या सापडतात. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या नियम 57 मध्ये याची सोय आहे: सरकारी लिलावातल्या गाडीला क्रमांकच नसेल किंवा पडताळणीत तो खोटा निघाला तर नोंदणी अधिकारी आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावाने नवा क्रमांक देतो आणि मग ती तुमच्या नावावर करतो. वेळ जातो, पण वाट आहे. त्यासाठी चेसिस नंबर मूळचा आणि शाबूत असावाच लागतो.

पत्रा

इथे घाई करू नका. पाहणीला दोन तास मिळाले असतील तर दीड तास इथेच द्या.

गाडी कुठे उभी आहे ते आधी बघा. सिमेंटच्या जमिनीवर, छपराखाली उभी असलेली आणि मातीवर, आंब्या-फणसाखाली उभी असलेली, या दोन गाड्यांत वर्षं सारखी असली तरी फार फरक असतो. झाडाखालच्या गाडीच्या वायपरखालच्या जाळीत पानं साचून कुजतात. तिथलं पाणी वाहून जाण्याची छोटी भोकं बुजतात आणि प्रत्येक सरीचं पाणी आत उतरून पायाखाली साचतं. ती जाळी बोटांनी उचकटून बघा. खाली काळा चिखल भरलेला असेल तर आतला गालिचा, त्याखालचा पत्रा आणि डॅशबोर्डखालचं वायरिंग भिजलेलं धरूनच चाला.

मग गालिचा. चालकाच्या पायाकडची बाजू उचलता आली तर उचला, नाहीतर हाताने दाबा. फोम ओला असेल तर पाणी बोटांत येतं. खालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटून आवाज ऐका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला थपथपतो, आणि खूपच गेलेला असेल तर मूठ आत रुतते. टोक खुपसू नका, गाडी अजून तुमची नाही आणि तिथला कर्मचारी हरकत घेईल.

बाहेरून दाराखालची लांब पट्टी दोन्ही बाजूंनी चाचपा. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून पोकळ, हा तिचा स्वभाव. लोहचुंबक फडक्यासकट पट्टीवर सरकवत न्या. जिथे तो सुटतो तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. त्यानंतर बॉनेटखाली डावी-उजवीकडची शॉकअपची डोकी, म्हणजे शॉकअप जिथे बॉडीला बोल्टने धरलेला असतो तो उभार. त्याच्या भोवती गंजाचे पापुद्रे सुटत असतील, सांधा फुगलेला असेल किंवा भेग असेल, तर इतर सगळं कितीही चांगलं असलं तरी गाडी घेऊ नका. पुढच्या चाकांचा सगळा भार त्या उभारावर येतो. घाटातल्या एका खड्ड्यात तो फाटला तर चाक आत वळतं.

गोणपाटावर झोपून खालून बघायच्या गोष्टी तीन: लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, जिथे बसतो ती चौकट, मागचा आडवा दांडा आणि ब्रेकचे बारीक लोखंडी नळ. नळांवर नुसता तांबूस थर असेल तर चालतं. फोड आले असतील तर ते बदलायचेच.

पुराची गाडी वेगळी ओळखू येते. चिपळूण आणि महाडमध्ये जुलै 2021 च्या पुरात असंख्य गाड्या बुडाल्या, आणि तशा गाड्या हात बदलत पुढे फिरत राहतात. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग धुतलेला असतो, गुंडाळ्यातल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मात्र चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यातला गाळ आणि हेडलाइटच्या काचेआडची आडवी रेघ हीदेखील खूण. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेली गाडी मोफत मिळाली तरी महाग पडते, कारण तिची वायरिंगची दुखणी एकामागोमाग एक निघत राहतात.

आणि दारूच्या गाडीत चोरकप्पा शोधा. मागच्या सीटखाली, डिकीच्या तळाशी, दारांच्या आत, कधी पुढच्या बंपरामागे जागा केलेली असते. त्यासाठी मूळ पत्रा कापलेला असतो आणि वर नवा डकवलेला. डिकीची खोली बाहेरून आणि आतून हाताच्या वितीने मापा, फरक जास्त आला तर मध्ये काहीतरी आहे. गाडीच्या हाडाला, म्हणजे लांब तुळईसारख्या चौकटीला, काप गेलेला असेल तर आरटीओच्या तपासणीत गाडी अडते आणि टक्कर झाली तर ती चौकट दगा देते. अशा गाड्यांची मागची स्प्रिंगं ओझ्याने बसलेली असतात. त्यांची काळजी नको, ती बदलता येतात.

इंजिनाकडे आता

बहुतेक ठिकाणी गाडी चालू करू देत नाहीत. पुष्कळदा किल्लीच नसते. तेव्हा जे बघता येतं ते बघा. ऑइलची कांडी काढा. ऑइल काळं असलं तर काही बिघडत नाही, ताकासारखं पांढुरकं असलं तर आत पाणी गेलंय. रेडिएटरचं झाकण काढून बघा, गंजाचं पाणी आहे की तेलाची साय. वायरिंगच्या जुडग्यावर उंदराच्या दातांचे पांढरे कोच दिसतात का, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं आहे का, तेही बघा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल आणि परवानगी मिळाली तर पुढचं एक चाक उचलून गाडी गिअरमध्ये टाका आणि चाक हाताने फिरवा. इंजिन जाम नसेल तर अंगठ्याएवढी का होईना, हालचाल जाणवते.

टायर वरून कितीही जाड दिसोत, बाजूवरचे चार आकडे वाचा. 3218 म्हणजे 2018 सालचा 32 वा आठवडा. उभ्या गाडीचे सहा-सात वर्षांचे टायर बदलायचेच असं धरा.

आकडा कसा काढायचा

बोलीची वरची मर्यादा घरी, कागदावर, आधी ठरवा. समजा, तीच गाडी चालू स्थितीत तुमच्या तालुक्यात 1,80,000 रुपयांना मिळते. आता खर्च मांडा: उचलून आणणं 6,000, बॅटरी 4,500, चार टायर 14,000, सगळी तेलं आणि फिल्टर 6,000, ब्रेक 10,000, क्लच 9,000, टाकी धुणं आणि इंधन पंप 8,000, किल्ली 6,000, वायरिंग 8,000, पत्र्याचं काम 25,000, आरटीओ, विमा आणि कर 12,000. बेरीज 1,08,500. उरले 71,500. न दिसलेल्या दोषांसाठी बाजारभावाच्या 20 टक्के, म्हणजे 36,000, बाजूला ठेवा. उरले 35,500. अटीत 18 टक्के जीएसटी असेल तर तोही यातच बसला पाहिजे, म्हणजे बोली 30,000 च्या आसपास थांबते.

हा आकडा पाहून पुष्कळजण नाराज होतात आणि बोली सुरू झाल्यावर पन्नास-साठ हजारांवर जातात. तुमच्या भागातले दर वेगळे असतील, ते घाला, पण एकही ओळ गाळू नका. शेजारी बसलेला भंगारवाला जास्त बोलतोय म्हणून गाडी चांगली आहे असं समजू नका. त्याचा हिशेब लोखंडाच्या वजनावर आणि सुट्या भागांवर असतो, त्याला ती नावावर करायची नसते.

बोली तुमची लागली तरी ती सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतरच पक्की होते. अटीत सांगितलेली रक्कम तेवढी भरा आणि पावती घ्या. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत टायर, बॅटरी असं काहीही विकत घेऊन ठेवू नका.

ताबा आणि आरटीओ

ताबा घेताना तीन कागद हवेत: लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचं विक्री प्रमाणपत्र, लिलावाला अधिकार देणाऱ्या शासकीय आदेशाची साक्षांकित प्रत आणि ताबा पावती. मूळ आरसी कार्यालयाकडे असेल तर ती मागून घ्या, नसेल तर ‘आरसी उपलब्ध नाही’ असं लेखी घ्या. विक्री प्रमाणपत्रावरचा चेसिस आणि इंजिन नंबर तुमच्या खडूच्या फोटोशी तिथेच, टेबलासमोर उभं राहून जुळवा. शून्याच्या जागी ओ किंवा 8 च्या जागी बी टाइप झालेलं असतं आणि तेवढ्यावर आरटीओ अर्ज परत करतं. दुरुस्ती त्याच दिवशी करून घेतली तर एका सहीचं काम, नंतर गेलात तर पुन्हा नस्ती वरपर्यंत जाते.

ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत नमुना 32 भरून आपल्या राहत्या पत्त्याच्या आरटीओत अर्ज करायचा. पेणची आरटीओ एमएच-06, पनवेल 46, रत्नागिरी 08, सिंधुदुर्ग 07. सोबत शुल्क, आरसी, विमा, विक्री प्रमाणपत्र, शासकीय आदेशाची प्रत, आधार, पॅन आणि चेसिस नंबराचा पेन्सिलने घेतलेला ठसा. गाडी जीए पाटीची असेल तर गोव्याच्या नोंदणी कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर हे दोन्ही आले. इंजिन बदललेलं असेल तर त्याचीही नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर मोटार वाहन निरीक्षक तपासणीत अडवतो.

गाडी घरी आणताना दोरीने ओढू नका. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर राहत नाही, स्टिअरिंग जड होतं, आणि परशुराम किंवा भोस्ते घाटाच्या उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीवर जाते. पूर्ण गाडी वर घेणारा ट्रकच बोलवा. ‘दहा किलोमीटरच तर आहे’ म्हणून चालवतही आणू नका. विमा नसलेल्या गाडीने कोणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या घरादारावर येते.

पहिल्यांदा चालू करताना

चार वर्षं उभ्या इंजिनला नवी बॅटरी जोडून थेट स्टार्टर मारणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सिलिंडरच्या भिंतीवर तेल उरलेलं नसतं, रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात आणि त्या ओरखडत वर-खाली होतात. पेट्रोल गाडीसाठी हा क्रम पाळा.

1. घरटी, पानं साफ करा, कुरतडलेल्या वायरी जोडून घ्या. बॅटरी अजून लावू नका.
2. टाकी पूर्ण रिकामी करा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. इंधन फिल्टर बदला, पाच लिटर ताजं पेट्रोल घाला.
3. सगळे प्लग काढून प्रत्येक भोकात साधारण 5 मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा.
4. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकपुलीच्या, म्हणजे इंजिनच्या टोकाला खाली असलेल्या मोठ्या कप्पीच्या, नटाला पाना लावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका, आणखी तेल सोडून एक दिवस थांबा.
5. जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. लहान गाडीला साधारण 3 लिटर लागतं.
6. बॅटरी लावा, इंधन पंपाचा फ्यूज काढून ठेवा, प्लगच्या भोकांवर फडकं टाका आणि दहा-दहा सेकंदांनी तीनदा स्टार्टर फिरवा. ऑइल वरपर्यंत चढतं.
7. प्लग आणि फ्यूज बसवून सुरू करा. पांढरा-निळा धूर पाच-दहा मिनिटं येईल, ते ओतलेलं तेल जळतंय. ऑइलचा लाल दिवा विझला नाही तर लगेच बंद करा.

टायमिंग पट्टा, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा रबरी पट्टा, असलेलं इंजिन असेल, उदाहरणार्थ अल्टो 800 चं, तर पट्टा न बदलता चौथ्या पायरीच्या पुढे जाऊ नका. उभ्याने रबर वाळतं आणि तो तुटला की दुरुस्तीचा खर्च पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. मारुतीच्या के-मालिकेच्या इंजिनांना आणि 1.3 लिटर मल्टिजेट डिझेलला चेन असते, तिथे ही भीती नाही.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट चिकटलेली आहे. पेडल लाकडी दांडक्याने दाबून रात्रभर ठेवा, पुष्कळदा एवढ्यावर सुटते. मागची चाकं फिरत नसतील तर ड्रमच्या कडेवर हातोडीने हलके ठोके द्या, लायनर चिकटलेलं असतं. ब्रेकचं तेल पाणी शोषतं, म्हणून चारही चाकांतून जुनं काढून नवं डॉट-4 घाला, एक लिटर आणा. हे सगळं अंगणात. ब्रेकची पहिली परीक्षा मोकळ्या सपाट जागेवर, चालण्याच्या वेगाने.

पत्र्याचं काम आगोटीआधी, म्हणजे पाऊस लागण्याआधी, उरका. गंज खरवडून, गंजरोधक प्रायमर मारून, दोन दिवस उन्हात सुकवून मगच खालून काळा थर मारायचा. ओल्या गंजावर मारलेला काळा थर आत ओल कोंडून ठेवतो आणि पत्रा दुप्पट वेगाने जातो. दारांच्या खालची पाणी निघण्याची भोकं त्या थराने बुजली नाहीत ना, ते तारेने तपासा. नवी आरसी हातात आली की उच्च सुरक्षा नंबरपाटी मागवा आणि ती बसेपर्यंत गाडी दारातच राहू द्या.